लवकर सापडलेला जठराचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची वाटचाल, पायरीपायरीने

बायोप्सीच्या अहवालात 'ॲडेनोकार्सिनोमा' (ग्रंथींच्या पेशींतून उगवलेला कर्करोग) हा शब्द वाचल्यानंतर डॉक्टर जे काही सांगतात, त्यातले फारच थोडे रुग्णाच्या आणि घरच्यांच्या लक्षात राहते. 'लवकर सापडला आहे' एवढे वाक्य तेवढे घट्ट धरून ठेवले जाते, आणि ते योग्यही आहे, कारण जठराच्या कर्करोगात या एका वाक्याने उपचार आणि भवितव्य दोन्ही पालटतात. मात्र या वाक्यातला 'लवकर' हा शब्द फसवा आहे. त्याचा संबंध काळाशी नाही, गाठीच्या आकाराशीही नाही. तो कर्करोग जठराच्या भिंतीत किती खोल गेला आहे, याच्याशी आहे. पुढचे सगळे निर्णय या खोलीवरून आणि लिम्फ नोडच्या, म्हणजे जठराभोवतीच्या लसिकाग्रंथींच्या, अवस्थेवरून ठरत असल्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

आधी खोलीचा अर्थ समजून घ्यावा

जठराची भिंत थरांची बनलेली असते. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या (लिम्फ हा द्रव नोडकडे नेणाऱ्या बारीक नळ्या) खेळवणारा मऊ उपश्लेष्मल थर, त्याखाली अन्न घुसळणारे स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. कर्करोग पहिल्या दोन थरांत, म्हणजे स्नायूंपर्यंत पोहोचण्याआधी थांबलेला असेल, तर त्याला लवकरच्या अवस्थेतील कर्करोग म्हणतात. ही व्याख्या जपानमधील एंडोस्कोपीतज्ज्ञांनी १९६२ मध्ये केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. या हिशेबाने पाच सेंटिमीटर पसरलेला पण अस्तरातच राहिलेला कर्करोग 'लवकरचा' ठरतो आणि एकाच सेंटिमीटरचा पण स्नायूंत घुसलेला कर्करोग ठरत नाही.

अहवालात ही खोली टी१ए किंवा टी१बी अशी लिहिलेली असते. टी१ए म्हणजे फक्त अस्तरात, टी१बी म्हणजे उपश्लेष्मल थरापर्यंत. दोन्ही 'लवकरचे'च, पण त्यांच्यातला फरक मोठा आहे. टी१ए असताना लिम्फ नोडमध्ये कर्करोगाच्या पेशी पोहोचण्याची शक्यता साधारण दोन ते पाच टक्के असते. टी१बी असताना ती पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते, कारण उपश्लेष्मल थरात लसिकावाहिन्यांचे जाळे दाट असते आणि त्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते. आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते : १९६२ च्या व्याख्येत लिम्फ नोडचा विचारच नाही. त्यामुळे नोडमध्ये पेशी सापडल्या तरी भिंतीतली खोली तेवढीच असेल तर कर्करोग 'लवकरचा'च म्हटला जातो, पण त्याची स्टेज मात्र वर सरकते. टी१ असून नोड स्वच्छ असतील तर स्टेज १ए, एका किंवा दोन नोडमध्ये पेशी असतील तर १बी, आणि त्याहून जास्त असतील तर आणखी पुढची. म्हणून डॉक्टरांना 'लवकरचा आहे का' एवढेच न विचारता 'किती खोल आहे आणि नोडबद्दल काय वाटते' असे विचारावे.

उपचार ठरण्यापूर्वीच्या तपासण्या

पहिली एंडोस्कोपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेली जठराची तपासणी, बहुधा दुसऱ्याच कुठल्या तक्रारीसाठी झालेली असते, कारण या अवस्थेत कर्करोगाची स्वतःची अशी ठळक लक्षणे क्वचितच असतात. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची सरकारी तपासणी होते आणि तिथे बहुसंख्य रुग्ण याच अवस्थेत सापडतात, त्याचे कारण हेच आहे. लक्षणांची वाट पाहिली तर हा टप्पा हातून निघून जातो.

निदानानंतर सहसा एंडोस्कोपी पुन्हा केली जाते, आणि ती 'पुन्हा कशासाठी' म्हणून टाळू नये. या वेळी तज्ज्ञ रंगद्रव्य फवारून किंवा विशेष प्रकाश वापरून गाठीच्या कडा आखतात, व्रण आहे का ते पाहतात आणि खोलीचा अंदाज बांधतात. काही ठिकाणी दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने भिंतीचे थर मोजले जातात. जोडीला पोट आणि छातीचा सीटी स्कॅन होतो, त्यात वाढलेले नोड किंवा यकृतावरचे डाग शोधले जातात. मात्र सूक्ष्म पेशी असलेला नोड आकाराने अगदी नेहमीसारखा दिसू शकतो, त्यामुळे 'सीटी स्वच्छ' याचा अर्थ 'नोड स्वच्छ' असा घेता येत नाही.

बायोप्सीतला एक तपशील अवश्य पाहावा : पेशींचा प्रकार. ज्या पेशी अजून ग्रंथींसारखी रचना राखून आहेत त्यांना विभेदित म्हणतात. ज्या विखुरलेल्या, सुट्या किंवा अंगठीच्या आकाराच्या दिसतात त्या अविभेदित. याच काळात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचीही चाचणी होते. जठराच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात या जिवाणूमुळे वर्षानुवर्षे चाललेल्या सुजेतून होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला निश्चित कर्ककारक ठरवले आहे.

हे सगळे होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि घरात अस्वस्थता वाढते. जपानमधील एका अभ्यासात, वेगवेगळ्या कारणांनी शस्त्रक्रिया न झालेल्या किंवा लांबलेल्या ५६ रुग्णांचा मागोवा घेतला गेला; त्यांच्यापैकी निम्म्या रुग्णांचा कर्करोग पुढच्या अवस्थेत जायला सुमारे ४४ महिने लागले. याचा अर्थ उपचार लांबवावेत असा मुळीच नाही. त्याच रुग्णांमध्ये रोग पुढे गेलाच. पण नीट तपासणी आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत यांसाठी लागणारे काही आठवडे धोक्याचे नसतात, एवढे त्यातून दिसते.

पहिला पर्याय : पोट न उघडता, दुर्बिणीतूनच

नोडमध्ये पेशी गेल्याची शक्यता नगण्य असेल, तर जठर कापण्याची गरज नसते. फक्त अस्तराचा तो भाग सोलून काढला तरी पुरते. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या या पद्धतीला ईएसडी म्हणतात. तोंडावाटे दुर्बीण आत नेली जाते, गाठीखाली द्रव टोचून अस्तर उचलले जाते, विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने भोवती चीर देऊन संपूर्ण भाग एकाच तुकड्यात अलग केला जातो. एकाच तुकड्यात, या शब्दांवर भर देण्याचे कारण असे की तुकडे तुकडे झाल्यास कडा आणि खोली नीट तपासता येत नाहीत.

यासाठी सर्वांत पक्का निकष जुना आहे : अस्तरापुरता, विभेदित, दोन सेंटिमीटरपर्यंतचा आणि व्रण नसलेला कर्करोग. अनुभव वाढल्यावर मर्यादा रुंदावल्या. व्रण नसेल तर विभेदित प्रकारात दोन सेंटिमीटरच्या पुढचाही, व्रण असेल तर तीन सेंटिमीटरपर्यंतचा, आणि व्रण नसलेला अविभेदित प्रकार दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तरीही ही पद्धत स्वीकारली जाते.

धोके दोन. रक्तस्राव सुमारे पाच टक्के रुग्णांत होतो, काही वेळा घरी गेल्यावर, त्यामुळे काळी, डांबरासारखी शौचास झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरा धोका भिंतीला छिद्र पडण्याचा. तो याहून कमी आहे आणि बहुतेक छिद्रे तिथेच दुर्बिणीतून क्लिप लावून बंद करता येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नये आणि लपवूही नये. कोणती, किती आणि कशासाठी, हे लिहून न्यावे. तयार झालेली जखम सुमारे आठ आठवड्यांत भरते आणि तोवर आम्ल कमी करणारे औषध घ्यावे लागते.

या पर्यायाचा मोठा फायदा म्हणजे जठर शाबूत राहते. पण जो जठर इतकी वर्षे सुजलेला होता, तोच मागे राहत असल्याने त्यात दुसऱ्या ठिकाणी नवा कर्करोग उगवू शकतो. कोरियातील एका चाचणीत, दुर्बिणीतून उपचार झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना जिवाणूनाशक औषधे दिली त्यांच्यात सुमारे सहा वर्षांत ७.२ टक्के, आणि ज्यांना दिली नाहीत त्यांच्यात १३.४ टक्के रुग्णांना असा नवा कर्करोग झाला. म्हणून प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करावा आणि जिवाणू खरोखर गेला का, याची चाचणी कोर्स संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी करून घ्यावी.

दुसरा पर्याय : जठराची शस्त्रक्रिया

वरच्या निकषांत न बसणारा कर्करोग, विशेषतः उपश्लेष्मल थरात खोल गेलेला, असेल तर जठराचा भाग आणि भोवतालचे नोड काढावे लागतात. व्हिएन्नातील शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी जानेवारी १८८१ मध्ये जठराचा काही भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. जठराचे उरलेले टोक आतड्याला जोडण्याच्या दोन पद्धतींना आजही त्यांचेच नाव आहे.

किती जठर काढायचे, हे गाठीच्या जागेवर ठरते. गाठ खालच्या किंवा मधल्या भागात असेल तर खालचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढतात आणि वरचा ठेवतात. ती मध्यभागी असून जठराच्या खालच्या दारापासून, म्हणजे पायलोरसपासून, चार सेंटिमीटरहून दूर असेल तर ते दार वाचवणारी शस्त्रक्रिया करता येते. तिच्यानंतर अन्न एकदम आतड्यात सांडण्याचा त्रास कमी होतो. गाठ वरच्या भागात असेल तर फक्त वरचा भाग किंवा संपूर्ण जठर काढावे लागते. या अवस्थेतील कर्करोगासाठी गाठीभोवती सुमारे दोन सेंटिमीटरची निरोगी पट्टी सोबत काढणे पुरेसे मानले जाते. एक गंमत अशी की इतका उथळ कर्करोग शल्यविशारदाला बाहेरून ना दिसतो ना हाताला लागतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच वेळी दुर्बिणीतून क्लिप किंवा शाईची खूण केली जाते. आपल्या बाबतीत ही खूण कशी करणार आहेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नोड किती काढायचे यासाठी डी१, डी१ प्लस आणि डी२ असे शब्द कानावर पडतील. डी१ म्हणजे जठराला लगटून असलेले नोड. डी२ म्हणजे जठराला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांलगतचेही. डी१ प्लस या दोन्हींच्या मधला. नोड स्वच्छ वाटत असलेल्या टी१ कर्करोगात सहसा डी१ किंवा डी१ प्लस पुरते. नोडबद्दल शंका असेल तर डी२ करतात. काढलेल्यांपैकी किमान सोळा नोड तपासले गेले तरच स्टेज विश्वासाने सांगता येते, हा आकडा लक्षात ठेवावा.

उरलेला प्रश्न चिरेचा. मोठी चीर की लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटावरच्या लहान छिद्रांतून केलेली शस्त्रक्रिया? जठराच्या खालच्या भागासाठी याचे उत्तर आता पुरेसे स्पष्ट आहे. कोरियात स्टेज १ च्या १,४१६ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी लॅपरोस्कोपी झालेले ९४.२ टक्के आणि मोठी चीर दिलेले ९३.३ टक्के रुग्ण हयात होते, म्हणजे फरक नाही. जखमेच्या तक्रारी मात्र लॅपरोस्कोपीत कमी होत्या. तरीही माझ्या मते चिरेच्या लांबीपेक्षा ही शस्त्रक्रिया तो शल्यविशारद आणि ते रुग्णालय वर्षभरात किती वेळा करतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तो विचारल्याने कोणी दुखावत नाही.

शस्त्रक्रियेचे दिवस

आधीच्या चार आठवड्यांत तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण सोडावे, चालण्याचा आणि खोल श्वसनाचा सराव करावा, वजन घटले असेल तर आहारतज्ज्ञांकडून भर घालून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात. हा निष्काळजीपणा नव्हे, पायांत रक्ताच्या गुठळ्या आणि छातीत कफ साचू नये म्हणून केलेली ती योजना असते. सुरुवातीला पातळ, मग मऊ अन्न, आणि सगळे सुरळीत असेल तर साधारण आठवडाभरात घरी.

सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते ते जोडावर. जठर किंवा अन्ननलिका आतड्याला जिथे शिवली आहे तिथून, किंवा लहान आतड्याच्या बंद केलेल्या टोकातून गळती होऊ शकते. ताप, नाडीचे ठोके वाढणे, वाढत जाणारी पोटदुखी, नळीतून गढूळ स्राव येणे ही तिची चिन्हे आहेत. ती बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत दिसतात, म्हणजे कधी कधी रुग्ण घरी गेल्यावर. अशा वेळी साधे तापाचे औषध घेऊन वाट पाहू नये.

काढलेल्या भागाचा अहवाल : खरा निकाल इथे लागतो

दुर्बीण असो वा शस्त्रक्रिया, आधीची खोली हा अंदाज असतो; काढलेला भाग पातळ कापांत पाहिल्यावरच ती निश्चित होते. हा अहवाल यायला काही दिवस लागतात आणि तो आल्यावर डॉक्टरांसमोर बसून वाचावा. कडा स्वच्छ आहेत का, खोली टी१ए आहे की टी१बी, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या का, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर किती नोड तपासले व त्यांपैकी कितींत पेशी होत्या, एवढे पाहायचे.

दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात पेशी उपश्लेष्मल थरात अर्ध्या मिलिमीटरहून खोल गेलेल्या दिसल्या किंवा वाहिन्यांत दिसल्या, तर उपचार अपुरा ठरतो आणि सहसा जठराच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. हा सल्ला पचवणे अवघड जाते, कारण गाठ तर निघून गेलेली असते. अशी दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जेमतेम दहात एकाच्या नोडमध्ये पेशी सापडतात. वय फार असेल किंवा हृदय, फुप्फुसे अधू असतील तर तो धोका आणि शस्त्रक्रियेचा धोका समोरासमोर मांडून निर्णय घेतला जातो, आणि लक्ष ठेवून थांबणे हा पर्यायही काही जण समजून-उमजून निवडतात.

टी१ असून नोड स्वच्छ असतील तर केमोथेरपीची गरज नसते. नोडमध्ये पेशी सापडल्या तर तिचा विचार होतो.

भवितव्याचे आकडे कसे वाचावेत

लवकरच्या अवस्थेत योग्य उपचार झाले तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असते. वर उल्लेखलेल्या कोरियन चाचणीतच एक बारकावा आहे. तिथे सर्व कारणे धरून हयात राहिलेले सुमारे ९४ टक्के होते, पण केवळ या कर्करोगाने झालेले मृत्यू मोजले तर जगण्याचे प्रमाण ९७ टक्के होते. म्हणजे पाच वर्षांत जे गेले त्यांपैकी निम्म्यांच्या मृत्यूचे कारण वेगळेच काही होते. नोडमध्ये पेशी असतील तर हे प्रमाण त्यांच्या संख्येनुसार खाली येते, म्हणून आपल्या बाबतीतला आकडा विचारायचा असेल तर तो अंतिम अहवाल हातात आल्यावर विचारावा, आधी नव्हे.

जठर लहान झाल्यावरचे जगणे

पहिल्या काही महिन्यांत वजन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटणे सामान्य आहे. संपूर्ण जठर काढले असेल तर अधिक. दिवसातून दोन-तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे, सावकाश आणि नीट चावून घ्यावीत, आणि पाणी जेवणाबरोबर न घेता मध्ये ठेवावे.

जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब आणि गळून गेल्यासारखे वाटणे याला डम्पिंग म्हणतात. अन्न न थांबता आतड्यात उतरते आणि आतडे शरीरातले पाणी आत ओढते, म्हणून हे होते. एक ते तीन तासांनी होणारा प्रकार वेगळा : रक्तातली साखर आधी झपाट्याने चढते, मग इन्सुलिनच्या अतिरेकाने घसरते, आणि हातपाय थरथरतात. दोन्हींवर पहिला उपाय एकच, गोड द्रव पदार्थ कमी करणे आणि प्रथिने वाढवणे. बहुतेकांचा त्रास काळाबरोबर सौम्य होतो.

जीवनसत्त्व बी१२ ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिची कमतरता दिसायला वर्षे लागतात. हे जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते. संपूर्ण जठर गेल्यावर ते तयारच होत नाही, तरीही यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, आणि सगळे ठीक असल्यासारखे वाटते. मग हातापायांना मुंग्या, तोल जाणे, रक्तक्षय असे प्रकार सुरू होतात आणि मज्जातंतूंची झालेली हानी दर वेळी भरून येत नाही. म्हणून संपूर्ण जठर काढलेल्यांनी बी१२ ची पूरक मात्रा, बहुधा इंजेक्शनने, आयुष्यभर घ्यावी. भाग काढलेल्यांनी रक्तातील प्रमाण नियमित तपासावे. लोह आणि कॅल्शियम यांचेही तसेच. हाडांची घनता काही वर्षांनी मोजून घ्यावी. पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही या शस्त्रक्रियेनंतर वाढते, त्यामुळे उजव्या बरगडीखाली उठणारी कळ दर वेळी जुन्या आजाराचीच असेल, असे समजू नये.

पाठपुरावा

ईएसडीनंतर वर्षातून एकदा किंवा दोनदा एंडोस्कोपी, आणि ती पाच वर्षांनीही थांबवू नये, कारण नवा कर्करोग उगवण्याची शक्यता पाच वर्षांचा हिशेब पाळत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिली पाच वर्षे ठरावीक अंतराने तपासणी, रक्तचाचण्या, सीटी स्कॅन आणि उरलेल्या जठराची एंडोस्कोपी होते. प्रत्येक भेटीला शस्त्रक्रियेचा तपशील, अंतिम अहवालाची प्रत आणि महिन्याला एकदा घेतलेल्या वजनाची नोंद सोबत न्यावी. स्थिरावलेले वजन कारण नसताना पुन्हा उतरू लागले, गिळताना अन्न अडकू लागले किंवा शौचाचा रंग काळा झाला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नये.